तोंडाचा उजवा कोपरा

मी ट्रम्पेट तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून वाजवतो. वाद्यातलं थोडंफार कळणारा माणूस मला पहिल्यांदा वाजवताना बघतो तेव्हा त्याला वाटतं, याला झटका-बिटका येऊन गेला असावा. तसं काही नाही. माझे सगळे दात शाबूत आहेत, ओठ सरळ आहेत आणि माउथपीस मधोमध लावायला देवाने मला कुठलीच अडचण ठेवलेली नाही. मी कोपऱ्यातून वाजवतो, कारण माझे उस्ताद कोपऱ्यातून वाजवायचे.

उस्तादांना मात्र कारण होतं. नांदेडच्या जुन्या भागात त्यांचं बँडचं दुकान होतं. एका लग्नसराईत नायगावकडच्या लग्नात परण्या निघाला, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाला. नवरदेवाचा कुणी मेहुणा नाचता नाचता इतका रंगात आला की त्याचं कोपर उस्तादांच्या ट्रम्पेटवर येऊन आदळलं आणि वरचे पुढचे दात गेले. उस्तादांनी रक्त थुंकलं, माउथपीस उजवीकडे सरकवला आणि नवरदेवाला देवळापर्यंत पोचवलं. दात बसवून घ्यायचं ते दर सराईनंतर ठरवायचे आणि दर सराईनंतर पुढे ढकलायचे. मग कोपऱ्याचीच सवय पडून गेली.

त्यानंतर जे जे त्यांच्या हाताखाली आले ते सगळे कोपऱ्यातून वाजवू लागले. तसं वाजवा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. उस्ताद समोर उभे राहून वाजवायचे आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे आणि बोटांकडे बघत वाजवायचो, आमच्यात शिकवण्याची रीतच ती. कागद नाही, फळा नाही. धडधाकट दातांची तरणी पोरं एका ओळीत उभी राहून तोंडं वाकडी करून फुंकताहेत, असं ते दृश्य होतं. नांदेडचे लोक नुसतं तोंड बघून ओळखायचे की हा कुठल्या दुकानाचा. दातांची गोष्ट मला फार उशिरा कळली. कळली तेव्हा मी तोंड सरळ करायचा प्रयत्नही केला नाही. उलट मला त्याचा अभिमानच वाटायचा, लोकांना गोंदण मिरवायला आवडतं तसा.

मी बारावीत गटांगळी खाऊन त्या दुकानात शिरलो आणि तिथेच वाढलो. वरातीत उस्ताद बँडकडे तोंड करून उलटे चालायचे, आणि त्यांच्या उजव्या हाताची जागा माझी होती. दात गेल्यापासून त्यांना वरचे सूर जड जायचे. गाणं वर चढायला लागलं की ते भुवई उचलायचे, आणि मी तो भाग उचलून घ्यायचो. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे. किनवटच्या जंगलातल्या इस्लापूरपासून देगलूरपर्यंत किती गावांत आम्ही असे दोघे मिळून एक माणूस होऊन वाजवलं असेल, त्याचा हिशोब नाही. मी चांगला वाजवतो असं उस्ताद कधी म्हणाले नाहीत. त्यांची भुवई उचलली जाते ना, मग झालं, असं मी मनाशी म्हणायचो. पण खरं सांगायचं तर एकदा तरी त्यांनी चारचौघांत म्हणावं, हा माझा शागीर्द, एवढी एक हाव मला होती. ती हाव अजून गेलेली नाही, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

पुढे डीजे आला आणि बँडचे दिवस फिरले. उस्तादांचं दुकान नावापुरतं राहिलं. मी लातूरला आलो, लग्नाच्या सराईत मिळेल तिथे वाजवत राहिलो. तिथल्या एका शिक्षणसंस्थेला मुलांचा ब्रास बँड उभा करायचा होता. संस्थेचे अध्यक्ष पेढीवरचे व्यापारी, कपाळावर सकाळचं भस्म संध्याकाळपर्यंत टिकवणारे. सगळं लातूर त्यांना अप्पा म्हणतं. अप्पांचं म्हणणं असं की लातूरची पोरं क्लासला जाऊन जाऊन पिवळी पडली आहेत, त्यांच्या छातीत जरा हवा भरली पाहिजे. विचार चांगला होता. आठवी-नववीतली मुलं-मुली निवडली, वाद्यं आणली, आणि शिकवायला आम्ही तिघे जमलो.

त्यात एक पोलीस बँडमधून निवृत्त झालेले हवालदार होते, ते ड्रम आणि कवायत बघायचे. दुसऱ्या होत्या त्या संस्थेच्याच संगीताच्या बाई. त्या मुलांना आधी सूर गळ्यातून काढायला लावायच्या आणि मगच वाद्याला हात लावू द्यायच्या. तिसरा मी, ट्रम्पेटवाला. मी लग्नातला आहे हे अप्पांना माहीत होतं. मदतनीस म्हणून चालेल, असं ते माझ्यासमोरच म्हणाले होते. मुख्य शिक्षक मात्र खानदानी पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

आणि खानदानी माणूस मीच सुचवला. मीच अप्पांच्या मागे लागलो. माझ्या उस्तादांचे आजोबा निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते, असा वाजवणारा मराठवाड्यात दुसरा नाही, म्हणून मी अप्पांचे कान किटेपर्यंत सांगितलं. दुकानाचंही सांगितलं होतं, पण अप्पांच्या कानात निजाम तेवढा राहिला. त्यांनी उस्तादांना बोलावून घेतलं, मी बाहेरगावी लग्नात असताना बंद खोलीत बोलणं झालं आणि नेमणूक पक्की झाली. मी त्या दिवशी पेढे वाटले.

उस्ताद नांदेडहून एसटीने आले तेव्हा मी स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो होतो. पाया पडून वर बघितलं तर ते हसले, आणि मला क्षणभर माणूस चुकला की काय असं वाटलं. तोंडात पांढरेशुभ्र नवे दात. मुलाने बसवून दिले म्हणाले. संध्याकाळी संस्थेच्या पटांगणावर त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला तो सरळ मधोमध. मी टक लावून बघत होतो. सूर स्वच्छ होता, फक्त वर चढायला ते कचरत होते. मला इतका आनंद झाला होता की यात काही निराळं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या रविवारी अप्पांनी पालकांना बोलावलं. मुलांना कोण शिकवतंय ते पालकांना कळलं पाहिजे, म्हणून प्रत्येकाने उठून आपण कुठे आणि कुणाकडे शिकलो ते सांगायचं होतं. हवालदारांनी सवयीने आधी सॅल्यूट ठोकला. भरतीत आपली पावलं तालात पडतात म्हणून आपल्याला बँडमध्ये धाडलं, आणि ज्या जमादारांनी शिकवलं ते आपल्याच पाठीवर छडीने ताल मोजायचे, हे त्यांनी असं सांगितलं की लोक पोट धरून हसले. मग बाई उठल्या. त्या शिरूर अनंतपाळच्या. वडिलांच्या भजनात झांजा वाजवता वाजवता गायला लागल्या, पुढे लातूरच्या एका गवयांकडे वर्षानुवर्षं शिकल्या. गवयांचं नाव घेताना त्यांनी हळूच कानाची पाळी धरली. पालकांना कळेना, तेव्हा त्यांनी सांगितलं की गुरूचं नाव घेताना कान धरायचा असतो, आपल्या हातून त्यांच्या विद्येत काही चूक झाली असेल तर त्याची ती माफी.

आम्हा बँडवाल्यांत असली रीत नाही. आमच्यात फार तर उस्तादांची चप्पल ओलांडायची नाही, एवढंच. पण मला ते इतकं आवडलं की माझी पाळी आली तेव्हा मीही उठून कान धरला. म्हणालो, मी नांदेडला बँडच्या दुकानात शिकलो, लग्नात, वरातीत वाजवत शिकलो, आणि ज्यांनी मला शिकवलं ते माझे उस्ताद इथे पहिल्या खुर्चीवर बसलेले आहेत. कधीपासून म्हणायचं होतं ते वाक्य एकदाचं म्हणून झालं होतं.

अप्पांनी मान वळवून उस्तादांकडे बघितलं. म्हणाले, ‘‘उस्ताद, तुम्ही तर मला म्हणलात की लग्नात कधी वाजवलं न्हाई.’’

उस्ताद शांतपणे उठले, टोपी नीट केली. ‘‘अप्पा, नांदेडात ह्यांचं आमच्या गल्लीत येणं-जाणं होतं. वळख हाय. पण शागीर्द म्हणाल तर न्हाई. आमचं सगळं फौजी.’’ मग त्यांनी आजोबांची गोष्ट सुरू केली. निजामाची फौज, पितळी बटणांचा डगला, हैदराबादची परेड. पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात अजून कानालाच होता. बाईंनी मागून सदरा ओढला तेव्हा मी खाली बसलो.

केसाने गळा कापणं हे मी आजवर नुसतं बोलण्यात ऐकलं होतं. कापला जात असताना दुखत नाही, घरी येऊन पाणी प्यायला लागल्यावर कळतं. मला राग आला होता. तो राग मोठा, आणि त्याच्याखाली लाजेचा थर. भर सभेत मी एका परक्या माणसाचा शागीर्द होऊ बघणारा लोचट ठरलो होतो. बायकोला काही सांगितलं नाही. तिने जेवायला वाढलं, मी जेवलो.

तरी मी त्यांच्या बाजूने कारणं शोधत होतो. म्हातारे आहेत, दुकान बुडालं आहे, पहिल्यांदाच कुणी खुर्ची दिली आहे, पालकांसमोर गांगरले असतील. सोमवारी सरावाला भेटतील तेव्हा खांद्यावर हात ठेवतील, मग मीही मूग गिळून बसेन, असं माझं मी ठरवून टाकलं होतं.

सोमवारी उस्तादांनी ट्रम्पेटची मुलं समोर उभी केली आणि एकेकाला फुंकायला लावलं. पहिल्या मुलीने माउथपीस उजव्या कोपऱ्यात लावला. दुसऱ्याने तसाच, तिसऱ्यानेही. सगळी ओळ तशीच. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. मी समोर उभा राहून वाजवत होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढंच घडलं होतं. आमचं दुकानच समोर उभं होतं. उस्तादांनाही ते दिसलं. दिसलं नाही असं होऊच शकत नाही.

त्यांनी मुलीला विचारलं, हे असं तोंड कुणी शिकवलं. तिने माझ्याकडे बोट केलं.

‘‘सरांना ज्यानं शिकवलं, त्यानं चुकीचं शिकवलं,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘त्यांची सवय आता जायची न्हाई. तुमची जाईल.’’

हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. आणि वाईट हे की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोपऱ्यातून वाजवलं की ओठ लवकर थकतो, सूर एका बाजूला झुकतो, हे मलाही ठाऊक होतं. पण चुकीचं शिकवणारा तो कोण, हे त्या पटांगणावर दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाच्या तोंडात नवे दात होते. पुरावा म्हणून जे काही उरलं होतं ते सगळं माझ्या चेहऱ्यावर होतं.

अप्पांच्या कानावर ते गेलंच. ट्रम्पेटची मुलं माझ्याकडून काढून घेतली. मी आता वाद्यं पुसायची, त्यांना तेल घालायचं आणि मुलांना रांगेत चालवायचं. हवालदारांनी मला चहाला नेलं आणि सोडून द्या म्हणाले, वरिष्ठ असं करतातच. बाई मात्र चिडल्या होत्या. अप्पांकडे जाऊन सांगते म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं, कारण हे दुसऱ्या कुणी सांगून भागणार नव्हतं.

शेवटी मीच एकदा पाण्याच्या टाकीपाशी त्यांना गाठलं. काही घुमवून-फिरवून विचारलं नाही, माझं काय चुकलं म्हणालो. उस्ताद तोंड धूत होते. म्हणाले, लग्नाचं कशाला काढलंस? पालकांची तोंडं बघितली न्हाईस का? मी म्हणालो, मग तुमचं नाव घ्यायचं नव्हतं का? त्यावर ते म्हणाले, ‘‘नाव घ्यायचं होतंस. दुकान कशाला घेतलंस?’’

त्यांना वाटलं असावं, यात सगळं आलं. रुमालाने तोंड पुसून ते निघून गेले. मी टाकीपाशी उभा राहून विचार करत होतो की दुकान वगळून मी या माणसाला कुठे भेटलो होतो? त्यांनी मला फौजेत शिकवलं नव्हतं. नायगावच्या धुळीत शिकवलं होतं, लोकांच्या जेवणावळी संपायची वाट बघत शिकवलं होतं, टेम्पोत मागे बसून गुडघ्यावर बोटं नाचवून शिकवलं होतं. ते काढून टाकलं की मी उरत नव्हतो, आणि मला तर वाटतं तेही उरत नव्हते. पण त्यांच्याकडे आजोबा होते. माझ्याकडे तेच एकटे होते.

महिने गेले. मुलांची तोंडं हळूहळू सरळ झाली. बँड खरंच चांगला वाजू लागला, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. स्नेहसंमेलनात अप्पांनी बँडचा मोठा कार्यक्रम ठेवला. गाव लोटलं होतं. निवेदन करणारे शिक्षक एकेका शिक्षकाला मंचावर बोलावून तोच प्रश्न विचारत होते, आपण कुणाकडे शिकलात? हवालदारांनी पुन्हा लोकांना हसवलं, बाईंनी कान धरला. उस्ताद शेवटी जायचे होते म्हणून विंगेत खुर्चीवर बसले होते. अंगात संस्थेने शिवलेला कोट होता.

मला बोलावलं. माईकपाशी जाईपर्यंत मी काय म्हणणार ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. चांगलं ठाऊक होतं. कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या पोटात तयार होतं. म्हणालो, ‘‘मी कुणाकडे शिकलो नाही. ऐकून ऐकून वाजवायला लागलो.’’

लोकांना ते फारच आवडलं. निवेदकांनी माझा खांदा थोपटला, आपलं आपणच शिकलेला माणूस म्हणाले, आणि त्या संध्याकाळी मला मिळाल्या तेवढ्या टाळ्या बाईंनाही मिळाल्या नाहीत. मला त्या टाळ्या अंगावर खाजकुयली टाकल्यासारख्या लागत होत्या. मी घाईने विंगेत परत आलो.

उस्ताद खुर्चीतून उठले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. माझं मनगट धरून त्यांनी मला पडद्याच्या आड ओढलं.

‘‘असं कसं म्हणलास?’’

तुम्ही म्हणालात तेच म्हणालो, असं मी सांगितलं.

‘‘मी म्हणलो ते येगळं. तू म्हणायचं न्हाई.’’ मग ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘माझ्या हाताखाली तुझ्यासारखा दुसरा झाला न्हाई. माझ्या पोटच्या पोरांना जमलं न्हाई ते तुला दिलं. तुला ठावं न्हाई का हे?’’

मला रडू आलं. लाज वाटायचं काही कारण नाही, आलं. ज्या वाक्यासाठी मी तारुण्य घातलं होतं ते वाक्य मला वायरी आणि मोडक्या खुर्च्यांच्या मधे, दुसऱ्या कुणाच्याही कानावर जाणार नाही अशा बेताने, मिळालं होतं. आणि तरीही ते हवं होतं. माझी सगळी चीड त्या एका क्षणी वितळायला तयार होती, इतका मी त्यांचा होतो.

‘‘तुमचंच नाव पुकारतील आता,’’ मी म्हणालो. ‘‘समोर माईक हाय. एवढंच तिथं म्हणा. दुकानाचं नका सांगू, लग्नाचं नका सांगू. नुसतं माझ्याकडं बोट करा.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. होकारासारखी त्यांची मान जराशी हलली. बाहेर निवेदकांनी त्यांचं नाव घेतलं, फौजी घराण्यातले म्हणाले. उस्तादांनी माझं मनगट सोडलं, कोटाची बटणं लावली आणि ते मंचावर गेले. मी पडद्याच्या कडेला येऊन उभा राहिलो, तिथून त्यांना दिसेन असा.

त्यांनी आजोबांपासून सुरुवात केली. निजामाची फौज झाली, डगला झाला, परेड झाली. मी वाट बघत होतो. मग ते मुलांच्या रांगेकडे वळले, त्यांच्याकडे हात केला, आणि कुणी विचारलेलं नसताना आपणहून सांगितलं की ही विद्या घराण्याबाहेर द्यायची नाही असं आपण आयुष्यभर पाळत आलो, अप्पांच्या शब्दाखातर ते आता मोडलं.

‘‘मी आजवर कुणालाच शागीर्द केलं न्हाई,’’ ते माईकवर म्हणाले. ‘‘हीच माझी पहिली पोरं.’’